घरगुती पाळणाघराच्या दारावर 'शासन नोंदणीकृत' लिहिलंय. त्याचा अर्थ काय आणि आत काय तपासायचं?

सकाळची_घाई

नमस्कार. आम्ही पुण्यात, कोथरूडला राहतो. २६ आठवड्यांची रजा संपत आली आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असेल.

शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू टू बीएचकेमध्ये पाळणाघर चालवतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. सध्या नऊ मुलं आहेत असं म्हणाल्या, हाताखाली एक मावशी. दारावर 'शासन नोंदणीकृत' अशी पाटी आहे आणि हॉलमध्ये फ्रेम केलेलं एक प्रमाणपत्र लावलंय. त्यावर क्यूआर कोड दिसला, पण ते नीट वाचायचं राहिलं.

माझे प्रश्न:
१. ही नोंदणी नक्की कशाची असते? खरी आहे हे कसं पडताळायचं?
२. घरात काय पाहायचं? ज्याला विचारावं तो 'स्वच्छ आहे, काकू प्रेमळ आहेत' एवढंच सांगतो.
३. हे सगळं काकूंना न दुखावता कसं विचारायचं?

---

शिक्का_आणि_सही

आधी पाटीचं बघू. शाळेला मान्यता लागते, हॉटेलला परवाना लागतो, तसा घरगुती पाळणाघरासाठी वेगळा सक्तीचा परवाना महाराष्ट्रात नाही. कोणी अधिकारी येऊन खिडक्या मोजतो, मुलं मोजतो आणि मग प्रमाणपत्र देतो, असं घडत नाही. त्यामुळे 'शासन नोंदणीकृत' वाचलं की पहिला प्रश्न एकच: कुठल्या कायद्याखाली?

बहुतेक वेळा उत्तर पुढच्यापैकी एक निघतं.

क्यूआर कोड असलेली फ्रेम म्हणजे बहुधा उद्यम नोंदणी. ही लघुउद्योगांची नोंदणी आहे. आधार क्रमांकावर ऑनलाइन होते, फुकट होते आणि अर्जदार जे लिहील त्यावर होते. उद्यमच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकून पडताळणी करता येते. कोड स्कॅन केलात तर उघडलेला पत्ता सरकारीच आहे ना, हे पाहा. मग तीन गोष्टी जुळवा: नाव, घराचा पत्ता आणि व्यवसायाचं वर्णन. वर्णनात शिवणकाम किंवा खाद्यपदार्थ लिहिलं असेल, तर ते प्रमाणपत्र खरं असूनही पाळणाघराचं नाही.

दुसरा कागद म्हणजे गुमास्ता, दुकाने व आस्थापना कायद्याखालचा. २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला पूर्ण नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. ती पावती फ्रेम करून 'नोंदणीकृत' म्हणणारे बरेच आहेत. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असं नाही, त्यांनाही तसंच सांगितलेलं असतं.

तिसरा, महिला मंडळाची किंवा ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी. ती संस्थेची असते, जागेची नाही.

जेवण तिथेच शिजवून देत असतील आणि त्याचे पैसे घेत असतील, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मागा. तिचा क्रमांक १४ अंकी असतो आणि तोही ऑनलाइन तपासता येतो. या सगळ्यांत मुलांच्या रोजच्या आयुष्याशी थेट संबंध असलेला कागद मला हाच वाटतो.

एक गोंधळ नेहमी होतो. बाल न्याय कायदा २०१५ मधल्या कलम ४१ ची नोंदणी बालगृहांसाठी, म्हणजे जिथे मुलं राहतात त्या संस्थांसाठी आहे. दिवसभराच्या पाळणाघराकडे ती मागू नका. पण त्याच कायद्याचं कलम ७५ लक्षात ठेवा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण केली, हेळसांड केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुलांच्या सांभाळाची जबाबदारी असलेल्या संस्थेत काम करणाऱ्याने किंवा ती चालवणाऱ्याने केलं, तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड.

मग कागद मागायचेच नाहीत का? मागायचे, पण हे:

मावशींचं पोलिस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. आधारची झेरॉक्स म्हणजे पडताळणी नव्हे, ती नुसती ओळख. प्रमाणपत्रावरची तारीख पाहा आणि पत्ता सध्याचाच आहे का ते पाहा. पत्ता बदलला असेल तर जुनं प्रमाणपत्र जुन्या ठिकाणच्या पोलिसांच्या नोंदीवर निघालेलं असतं. मुलांच्या वेळेत घरात असणारं प्रत्येक सज्ञान माणूस, म्हणजे काका, मोठा मुलगा, खोली भाड्याने घेतलेला पाहुणा, यांचीही पडताळणी मागता येते. हे मागताना अवघड जातं, पण नव्वद टक्के पालक मागत नाहीत म्हणून ते गैरवाजवी ठरत नाही.

सोसायटीचं ना हरकत पत्र. हे नसेल तर एखाद्या सर्वसाधारण सभेत वाद होऊन पाळणाघर अचानक बंद पडू शकतं आणि तुम्ही आठवड्याभरात दुसरी जागा शोधत बसाल. घर भाड्याचं असेल तर करारात या वापराची परवानगी आहे का आणि करार कधी संपतो, हेही विचारा.

तुमच्या कचेरीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय ही मालकाची जबाबदारी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती आली आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही त्यात आहे. एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको.

---

दार_खिडकी_गच्ची

कागदांचं वर आलंच आहे, मी घराबद्दल लिहितो.

पहिलं, कधी जायचं. पाळणाघर दाखवायची त्यांची आवडती वेळ सकाळी अकरा किंवा दुपारी चार. तेव्हा मुलं एक तर खेळत असतात नाहीतर खाऊन ताजीतवानी असतात. तुम्ही जा साडेबारा ते दोनच्या मध्ये. त्या वेळी बालवाडी आणि सकाळच्या शाळेची मुलं येतात, कुकर लावलेला असतो, तान्ही झोपायला आलेली असतात आणि दोनच मोठी माणसं सगळं सांभाळत असतात. काकूंनी सांगितलेली नऊ मुलं बहुधा सकाळची आहेत. दुपारी ती चौदा होतात का, ते मोजा. आणि मावशी जेवायला घरी जातात का, किती वेळ, हे विचारा. त्या अर्ध्या तासात चौदा मुलांमागे एकच माणूस उरतं. बहुतेक अपघात अशा वेळी होतात, वाईट हेतूने नाही, हात कमी पडल्यामुळे.

केंद्राच्या पाळणा योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरलेली आहे. सहा महिन्यांच्या बाळासाठी ते प्रमाण फार सैल आहे. वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक माणूस, एक ते तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, याच्यापुढे मी जाऊ देणार नाही. एकाच वेळी दोन बाळं रडली आणि तिसऱ्याने शी केली, तर दोन हातांना जेवढं जमतं तेवढंच ते प्रमाण आहे.

बाथरूम. स्वयंपाकघरापेक्षा आधी इथे पाहा. रांगणारं, धरून उभं राहणारं मूल बादलीत डोकावतं, डोकं जड असल्याने तोल जातो आणि त्याला स्वतःला वर ढकलता येत नाही. चार-पाच सेंमी पाणीही पुरतं आणि आवाज होत नाही. पाणी न येण्याच्या दिवशी पिंपं आणि टब भरून ठेवलेले असतात, म्हणून शक्य असेल तर त्याच दिवशी जा. बाथरूमच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी हवी आणि ती लावलेली हवी. आतली कडी मुलाला लावता येऊ नये म्हणून काढून टाकलेली बरी. गीझरचं पाणी ६० अंशांच्या आसपास असतं. त्याने लहान मुलाची कातडी एक-दोन सेकंदांत खोलवर भाजते. शी धुताना नळ कोणता सोडतात आणि पाणी आधी मनगटावर पाहतात का, हे प्रत्यक्ष बघा.

खिडक्या आणि बाल्कनी. ग्रिलच्या दोन गजांमधली फट १० सेंमीपेक्षा कमी हवी. टेप नसेल तर मोबाईल वापरा: त्याची रुंदी साधारण साडेसात सेंमी आणि लांबी सोळाच्या आसपास. तो लांबीच्या बाजूने आडवा धरून आरपार जात असेल, तर फट फारच मोठी. आडव्या पट्ट्यांचं ग्रिल म्हणजे मुलांसाठी शिडी. खिडकीखाली सोफा, दिवाण, खेळण्यांची पेटी असेल तर ती हलवायला सांगा, हा बिनखर्चाचा उपाय आहे. कपडे सुकवायला पुढे काढलेल्या पिंजऱ्यात मुलं जाऊन बसतात. त्याच्या तळाचा पत्रा गंजलेला आहे का, हे हाताने दाबून पाहा.

वीज. मीटरपाशी किंवा घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे विजेच्या खटक्यांच्या पेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का? एमसीबी तार जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून आरसीसीबी. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की वीज जायला हवी. काकूंना तुमच्यासमोर दाबायला सांगा. गेली नाही तर तो नुसता शोभेचा आहे. खालच्या सॉकेटमध्ये डासांच्या औषधाचं यंत्र लावलेलं असतं, त्याची बाटली मुलं काढून तोंडात घालतात. तेही वर हवं.

गॅस. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. केशरी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची. सिलिंडर उभाच, शेगडीच्या पातळीखाली आणि बंद कपाटात कोंडलेला नको. स्वयंपाकघराच्या दाराला फाटक हवं. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक दारामागे लिहिलेला असेल तर त्या घराने विचार केलाय असं समजा.

आणि सेफ्टी डोअर. बहुतेक पाळणाघरं ते आतून कुलूप लावून ठेवतात, मूल बाहेर जाऊ नये म्हणून. बरोबरच आहे. पण किल्ली कुठे? ती काकूंच्या कमरेला आणि काकू दुकानात, असं झालं तर आगीत कोणालाच बाहेर पडता येणार नाही. दाराशेजारी, मोठ्यांचा हात पोचेल अशा खिळ्यावर ती हवी. अग्निशामक असेल तर त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा आणि पिन कशी काढायची ते मावशींना विचारा. काकूंना माहीत असून उपयोग नाही, दुपारी मावशीच असतात.

---

सकाळची_घाई

खूप आभार. बाथरूमचं डोक्यातच आलं नव्हतं. फ्रेमचा फोटो काढून आणला, उद्यमच आहे. नाव आणि पत्ता जुळतोय.

आणखी एक. बाळ अजून पालथं पडतंय फक्त. झोप आणि दूध यांबद्दल काय विचारू? काकू झोळीत झोपवतात. आणि सीसीटीव्ही लावून घ्या म्हणावं का?

---

शिफ्ट_सिस्टर

झोप हा सहा महिन्यांच्या बाळाचा सगळ्यात मोठा विषय आहे, कारण ते तिथे बराच वेळ झोपूनच असेल.

पाठीवर झोपवायचं, दर वेळी. बाळ स्वतःहून पालथं झालं तर ते चालतं, पण सुरुवात पाठीवरच. गादी कडक आणि सपाट. उशी नको, मोहरीची उशीही नको, डोक्याला गोल आकार येतो म्हणून लोक ठेवतात पण त्या वयात ती नाकाशी येऊ शकते. तोंडावरून दुपटं, मऊ खेळणी, लोड काही नको. एका गादीवर दोन बाळं शेजारी शेजारी नकोत. मोठी मुलं झोपलेल्या बाळाला 'लाड' करायला जातात, म्हणून बाळाची जागा दिसेल अशी पण वेगळी हवी.

झोळी. घरी आपल्या नजरेसमोर थोडा वेळ ती वापरणं निराळं आणि नऊ मुलांच्या घरात ती तासभर टांगून ठेवणं निराळं. तिच्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. कापड दोन्ही बाजूंनी वर आल्याने चेहरा दिसत नाही, आणि बाजूला लोंबणाऱ्या दोरीत रांगणाऱ्या दुसऱ्या मुलाची मान अडकू शकते. पालथं पडणारं बाळ कुशीवर होऊन बाहेरही पडतं. म्हणून नाही म्हणा. 'आमच्या डॉक्टरांनी सपाटच झोपवायला सांगितलंय' एवढं पुरतं, त्यावर काकू वाद घालणार नाहीत. झोपलेल्या बाळाकडे दर दहा मिनिटांनी जाऊन छाती हलतेय का पाहायचं, दारातून डोकावून नाही.

एक कडू गोष्ट. काही ठिकाणी दुपारी सगळी शांत राहावीत म्हणून सर्दीचं सिरप देतात. त्यातल्या क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर हवा, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कळवलं आहे. खुणा अशा: घरी दुपारी पाऊण तास झोपणारं बाळ तिथे रोज अडीच-तीन तास झोपतं, संध्याकाळी घेताना जड लागतं, डोळे मिटलेलेच, दूध ओढत नाही, तोंड कोरडं, डायपर नेहमीपेक्षा कोरडा. एखाद्या दिवशी असं झालं तर ताप, दात, काहीही असू शकतं. पण पाळणाघराच्या दिवशी होतं आणि रविवारी होत नाही, असं दोन-तीन आठवडे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि शंका स्पष्ट बोला. नियम एकच ठेवा: तुम्ही लिहून दिल्याशिवाय कोणतंही औषध नाही, ग्राइप वॉटरही नाही, शेजारच्या मुलाचं तर नाहीच.

दूध. काढलेलं आईचं दूध खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ४ तास राहतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये खोलीत २५ अंश कुठे असतात, तेव्हा थेट फ्रिजमध्येच. ४ अंशांना ४ दिवसांपर्यंत टिकतं. फ्रिजच्या दारात नाही, आत मागच्या बाजूला. बाटलीवर नाव, तारीख, वेळ चिकटपट्टीवर लिहून द्या. बाळाने पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. 'वाया जातं' म्हणून परत फ्रिजमध्ये ठेवतात, तिथून पोट बिघडतं. पावडरचं दूध असेल तर उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर घालून मग गार करायचं, आणि पाजायला सुरुवात झाली की तासाभरात संपवायचं. वीज किती वेळ जाते आणि फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हेही विचारून ठेवा.

वरचं खाणं सुरू झालं की मध १ वर्षाआधी नाही, चाटवायलाही नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, सीताफळ-चिकूच्या बिया मोठ्या मुलांच्या ताटातून खाली पडतात आणि रांगणारं मूल उचलतं. द्राक्ष उभं चार तुकडे करूनच. जेवणानंतर जमीन पुसण्याआधी बाळाला खाली सोडत नाहीत ना, ते पाहा. रिमोट आणि गाणी वाजवणारी खेळणी यांची झाकणं स्क्रूने बंद हवीत. आतला बटन सेल, म्हणजे नाण्यासारखी चपटी बॅटरी, गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजते. उलटीची किंवा शी होण्याची वाट न बघता सरळ रुग्णालय.

आणि हे करून दाखवायला सांगा: बाळाच्या घशात अडकलं तर काय कराल? वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांमध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब. पोट दाबायचं नाही. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. पायाला धरून उलटं लटकवायचं नाही. काकूंना येत नसेल तर ते नाकारण्याचं कारण नाही, पण शिकायला तयार नसतील तर आहे. एका तासात बाहुलीवर शिकता येतं.

---

तिसरा_डोळा

सीसीटीव्हीबद्दल. लावा म्हणा, पण त्याच्यावर विसंबू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केली, तेव्हा तिथे कॅमेरा होता. त्याच्यामुळे पुरावा मिळाला, मार थांबला नाही. कॅमेरा कोणी पाहत असेल तरच तो धाक असतो.

विचारायचं ते असं. चित्रण किती दिवस राहतं? हार्ड डिस्क लहान असेल तर चार-पाच दिवसांत जुनं पुसलं जातं आणि सोमवारचा ओरखडा पुढच्या सोमवारी तपासता येत नाही, १५ दिवस तरी हवं. पडद्यावरची तारीख-वेळ बरोबर आहे का? वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि मग पुरावा कमजोर होतो. झोपायच्या खोलीचा कोणता कोपरा दिसत नाही? पासवर्ड कंपनीचा मूळचाच आहे का? तसा असेल तर बाहेरचं कोणीही आत पाहू शकतं. कपडे बदलायची जागा आणि बाथरूम चित्रणात नको. थेट प्रक्षेपण सगळ्या पालकांच्या मोबाईलवर देत असतील, तर प्रत्येकाला सगळ्यांचीच मुलं दिसतात. त्याला सर्वांची लेखी संमती हवी आणि क्लिप व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही, हे लिहून घ्या.

कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी म्हणजे न कळवता येण्याची मुभा. 'पालक केव्हाही आत येऊ शकतात, फक्त बेल वाजवावी' हे मान्य नसेल तर तिथे ठेवू नका. 'मुलं बिथरतात म्हणून दारातूनच' हे कारण पहिल्या आठवड्यापुरतं ठीक, कायमचं नाही.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमधले मराठी पालक हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी, कारण इथलं गणित उलट आहे. इथे स्वतःच्या घरी, पैसे घेऊन, दिवसाला २ तासांहून अधिक वेळ ८ वर्षांखालची मुलं सांभाळायची तर नोंदणी सक्तीची आहे, ऑफस्टेडकडे (शाळा-पाळणाघरं तपासणारी सरकारी संस्था) किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे (घरी मुलं सांभाळणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था). ओळखीतल्या एखाद्या आजी-मावशी 'आपलीच माणसं' म्हणून रोज पैसे घेऊन सांभाळत असतील आणि नोंदणी नसेल, तर ते बेकायदा आहे आणि सरकारी मोफत तासांचा लाभही तिथे मिळत नाही.

ऑफस्टेडच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की तपासणी अहवाल दिसतो. अहवालाची तारीख पाहा, आणि तपासणीच्या दिवशी किती मुलं हजर होती तेही. एका व्यक्तीकडे ८ वर्षांखालची जास्तीत जास्त ६, त्यांत ५ वर्षांखालची ३, त्यांत १ वर्षाखालचं साधारण १. भावंडांसाठी थोडी सूट असते. लहान मुलांचं प्रथमोपचार प्रशिक्षण १२ तासांचं आणि दर ३ वर्षांनी नवं. घरात राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी पडताळणी, झालेली हवी. भारतातून कोणी पाहुणे तीन-चार महिने राहायला आले तर त्यांचं काय, हा प्रश्न जरूर विचारा. अनेकदा तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

---

पाळणाघरचालक

पलीकडच्या बाजूने लिहिते. सकाळची_घाई ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही.

परीक्षा घेतल्यासारखं विचारलंत की कुठल्याही काकू बंद होतात. आधी तुमची माहिती द्या, मग तिची मागा. एक कागद तयार करून न्या: बाळाचं नाव, रक्तगट, लसीकरणाच्या नोंदीची झेरॉक्स, कशाची ॲलर्जी, बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक, तुमचे दोघांचे आणि जवळच्या एका नातेवाइकाचा क्रमांक. खाली 'आमच्याशी संपर्क होईपर्यंत तातडीचे उपचार सुरू करण्यास संमती' असं लिहून दोघांच्या सह्या. जवळचं लहान मुलांचं रुग्णालय कोणतं आणि १०८ ला फोन कोण करणार, हे तेव्हाच ठरतं. हा कागद दिलात की काकूंकडून मावशींची पडताळणी मागणं सोपं जातं, दोन्हीकडून देवाणघेवाण होते.

बाळाला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांची नावं आणि फोटो द्या. तुमच्या यादीबाहेरचं कोणी आलं, अगदी आजोबा म्हणाले तरी, फोन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही. एकदा मुद्दाम न सांगता दुसऱ्या कोणाला पाठवून बघा. काकूंनी मूल दिलं नाही आणि तुम्हाला फोन केला, तर त्यांचे आभार माना, रागावू नका.

पैशांचं आधी लिहून घ्या: महिन्याची फी कोणत्या तारखेला, उशीर झाला तर अर्ध्या तासाला किती, दिवाळीची आणि मे महिन्यातली सुट्टी किती दिवस, काकू आजारी पडल्या तर कोण, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, अनामत परत कधी. तापात मूल आणायचं नाही आणि ताप उतरून २४ तास झाल्यावरच आणायचं, हा नियम आमच्याकडून कडक असेल तर त्याचा राग नको. सकाळी पॅरासिटामॉल पाजून सोडून जाणारे पालक असतात. दुपारी बाराला औषध उतरतं आणि तोवर बाकीची आठ मुलं त्याच खेळण्यांशी खेळलेली असतात.

रोजची वही मागा. किती वाजता किती मिली दूध, शू-शी किती वेळा, झोप कधीपासून कधीपर्यंत, काही लागलं-खुपलं का. संध्याकाळी एकदम आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते, सगळ्या वेळा गोल असतात: ११:००, १:००, ३:००. त्या त्या वेळी लिहिलेल्या वहीत १०:४० आणि १:१५ असतं, शाई बदललेली असते, मावशींचं अक्षर निराळं असतं.

सुरुवात कामावर रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी करा. पहिले तीन दिवस तुम्ही तिथेच बसून एक तास. मग एक तास तुमच्याशिवाय. मग दूध आणि एक झोप. मग अर्धा दिवस. या दिवसांत तुमचं बाळ जेवढं पाहाल, त्याहून जास्त इतर मुलांकडे पाहा. मावशी खोलीत आल्या की ती त्यांच्याकडे झेपावतात की गप्प होतात, दोन-अडीच वर्षांचं मूल पडल्यावर आधी कोणाकडे पळतं.

---

शिक्का_आणि_सही

वरच्यात एक भर. सध्याच्या दोन पालकांशी बोलाल तसंच सोडून गेलेल्या एका पालकाशी बोला. काकूंकडे नाही, वॉचमनकडे किंवा सोसायटीच्या गटात विचारा. 'कसं आहे?' विचारलंत तर 'छान' एवढंच ऐकू येईल. 'एखादं खरचटलं, चावलं असं झालं तेव्हा तुम्हाला कोणी, किती वाजता सांगितलं?' असं विचारा.

आणि खरोखर काही वाईट दिसलं तर: फोटो तारखेसह काढा, बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लेखी नोंद घ्या, चित्रण जपून ठेवायला लेखी कळवा. चाइल्डलाइन १०९८, पोलिस ११२. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे, ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकाला, शेजाऱ्यालाही. आधी काकूंशी बोलून 'मिटवायला' जाऊ नका.

---

सकाळची_घाई

उद्या गुरुवारी पाणी नाही, म्हणून एक वाजता जातेय. टेप घेतलीय, बाळाचा कागद टाईप केलाय. आरसीसीबी दाबताना फ्रिज बंद होईल, तर काकूंना आधी सांगायला हवं ना?

---

दार_खिडकी_गच्ची

हो, सांगूनच. दोन सेकंदांचं काम आहे, खटका पुन्हा वर केला की वीज येते. इन्व्हर्टर असेल तर काही दिवे चालूच राहतील, त्याने गोंधळू नका. पंखा-फ्रिजच्या लाइनवर काय होतं ते पाहा. बटण दाबूनही सगळं चालूच राहिलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा आणि तो बदलला जाईपर्यंत बाळ तिथे सोडू नका.